वाचकांचे प्रश्न : मॉडेल विमानाचा फायबरचा पंख

या वेळच्या पत्रांतले बहुतेक वाचक थर्माकोलचा पंख कापून त्यावर फायबर, म्हणजे रेझिनमध्ये भिजवलेलं काचेचं कापड, चढवण्यापर्यंत पोचलेत. गाडी अडते ती त्यानंतर, कापायला आणि बसवायला घेतल्यावर. पत्रांतली मापं जवळपास सारखी असल्याने खालचे सगळे आकडे एकाच पंखाचे दिलेत : टोकापासून टोकापर्यंत १२० सेंटिमीटर, रुंदी २० सेंटिमीटर, छेद (पंख आडवा कापला तर दिसणारा आकार) क्लार्क-वाय नावाचा. त्याची जाडी रुंदीच्या ११.७ टक्के, म्हणजे साधारण २३ मिलिमीटर. तुमचा पंख लहान-मोठा असेल तर त्या हिशोबाने आकडे बदलून घ्या.

प्रश्न : कुलरच्या बॉड्या दुरुस्त करणाऱ्याकडून एक किलो रेझिन आणलं. थर्माकोलवर लावताच खड्डे पडले आणि बघता बघता अर्धा पंख बसला. रेझिन जुनं होतं का?
— एक वाचक, आर्वी, जि. वर्धा

उत्तर : रेझिन जुनं नव्हतं, ते या कामाचंच नव्हतं. कुलर, टाक्या, गाड्यांचे बंपर यांना वापरतात ते पॉलिएस्टर रेझिन. त्यात स्टायरिन असतं, आणि थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरिन. स्टायरिन लागलं की ते विरघळणारच. गुलाबी किंवा निळ्या रंगाचा दाट फोमही त्याच जातीचा, तोही वाचत नाही. आधी कागद चिकटवा, फेव्हिकॉलचा हात मारा आणि मग पॉलिएस्टर चढवा, अशी युक्ती काही जण सांगतात. सुईच्या टोकाएवढं छिद्र राहिलं तरी आतून थर्माकोल पोखरला जातो आणि वरून काही कळत नाही. त्या वाटेला जाऊ नका.

थर्माकोलला इपॉक्सीच हवं. लॅपॉक्स एल-१२ सोबत के-६ हार्डनर, किंवा अराल्डाइट एलवाय ५५६ सोबत एचवाय ९५१. दोन्ही जोड्यांत १०० ग्रॅम रेझिनला १० ग्रॅम हार्डनर. सिरिंजने १० मिलिलिटरला १ मिलिलिटर घेतला तर हार्डनर जवळपास १५ टक्के कमी पडतो, कारण रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं. पंख आठवडाभर चिकट राहिल्याच्या तक्रारी येतात, त्यांत बऱ्याचदा हेच झालेलं असतं. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या. लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवण्याचाही उपयोग नाही. जास्तीचा हार्डनर आत तसाच पडून राहतो आणि थर मऊ पडतो.

किती लागेल तेही सांगतो. पंखाच्या दोन्ही बाजू मिळून ०.४८ चौरस मीटर होतात. ८० जीएसएमच्या (चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणाऱ्या) ग्लास क्लॉथचा एक थर म्हणजे ३८ ग्रॅम कापड. आत राहणारं रेझिन कापडाच्या वजनाइतकंच हवं. ब्रशला, कपाला लागून जाणारं धरलं तरी ५५ ग्रॅम रेझिन आणि ५.५ ग्रॅम हार्डनर पुरे. ताकद काचेच्या धाग्यांची असते, रेझिन त्यांना जागेवर धरून ठेवतं, एवढंच. म्हणून लावून झालं की वर टॉयलेट पेपर पसरून हलका रोलर फिरवा, कागद भिजला की बदला. चकाकी जाऊन कापडाची वीण दिसायला लागली की थांबा.

कापड घेतानाही फसगत होते. दुकानात 'फायबर' म्हटलं की ३०० किंवा ४५० जीएसएमची, तुटक तंतूंची मॅट हातात पडते. तिचे तंतू ज्या चिकट पदार्थाने बांधलेले असतात तो बहुधा स्टायरिनमध्ये विरघळणारा असतो. इपॉक्सीत तो सुटत नाही, मॅट ताठच राहते आणि वळणावर बसत नाही. आपल्याला विणलेलं पातळ कापड हवं. ते बहुधा ऑनलाइनच मागवावं लागतं. पाठवणाऱ्याला घडी न घालता गुंडाळी करून पाठवायला सांगा, घडीवर धागे मोडतात.

उरलेलं पॉलिएस्टर साच्याला वापरणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. कोबाल्ट (सुकण्याचा वेग वाढवणारं) आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, कॅटॅलिस्ट (सुकणं सुरू करणारा) नंतर घालायचा. कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट एकमेकांत थेट मिसळले तर भडका उडतो, स्फोटही होतो. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवू नका आणि एकच चमचा दोन्हींत घालू नका.

प्रश्न : सर, मे महिन्यात रेझिन ढवळल्यावर कपातूनच धूर निघाला आणि कप वितळला. दुसऱ्या वेळी कुलरसमोर बसून केलं, तर पंखावर पांढरट तेलकट थर आला. त्यावर रंगही बसत नाही.
— दहावीचा विद्यार्थी, वरोरा, जि. चंद्रपूर

उत्तर : दोन वेगवेगळ्या गोष्टी झाल्यात. इपॉक्सी सुकताना स्वतःच उष्णता सोडतं. खोल कपात ती बाहेर पडत नाही, मिश्रण आणखी तापतं, तापलं की आणखी वेगाने सुकतं. तापमान १० अंशांनी वाढलं की हातात मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो. २५ अंशांना अर्धा तास मिळत असेल, तर चाळिशी ओलांडलेल्या दुपारी दहा मिनिटंही मिळायची नाहीत. म्हणून एका वेळी ३० ग्रॅमच कालव, ढवळून झालं की पसरट ताटलीत ओत, आणि काम पहाटे उरकून घे. रेझिनचा डबा रात्री मातीच्या भिंतीच्या थंड खोलीत ठेवला तर आणखी चार मिनिटं पदरात पडतात. धुराला लागलेला कप मात्र नाकाशी नेऊ नकोस, उघड्यावर मातीत ठेवून दे.

पांढरा थर ओलाव्याचा. हार्डनरमधलं अमाइन हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी जुळून वर येतं. कुलरची ओली हवा थेट पंखावर आली की हे होतंच, पावसाळ्यात कुलर नसतानाही होतं. तो थर घासून काढू नकोस, पॉलिश पेपरने तो खालच्या थरात भरला जातो. आधी कोमट पाण्याने आणि भांडी घासायच्या हिरव्या घासणीने धू, कोरडं पूस, मग घास. पुढच्या वेळी कुलर शेजारच्या खोलीत लाव. खिडकी मात्र उघडी ठेव, आणि हातमोजे घाल. हार्डनर कातडीला लागत राहिला की खाज-पुरळ कायमची मागे लागते.

प्रश्न : लाईन सारखी जाते. व्हॅक्यूम न करता कापड नीट दाबून बसवता येतं का?
— एक शिक्षक, मेहकर, जि. बुलडाणा

उत्तर : येतं. पंख ज्या ठोकळ्यातून कापला त्याचे वरचे-खालचे उरलेले तुकडे फेकू नका, तेच दाबायचे साचे. पंख, त्यावर ओलं कापड, त्यावर मेण लावलेली जाड पारदर्शक शीट, मग तो तुकडा, वर सपाट फळी, आणि फळीवर वाळूच्या पिशव्या. अर्ध्या पंखाला ३० ते ४० किलो वाळू पुरते. जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरवर व्हॅक्यूम केलाच, म्हणजे पंख पिशवीत घालून आतली हवा ओढलीच, तर हलक्या थर्माकोलला १० इंच पाऱ्याच्या पुढे नेऊ नका. पूर्ण ओढला तर पंखच चेपतो.

प्रश्न : फायबर सुकल्यावर मागची धार सरळ करायला हॅक्सॉने कापली. कड फाटली, थर सुटे झाले, धागे बाहेर आले. नवीन ब्लेड लावून पाहिलं, तेच झालं.
— एक वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ब्लेड नवं असो की जुनं, हे होणारच होतं. ८० जीएसएमचा एक थर साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. मागच्या धारेवर वरचा आणि खालचा असे दोन थर येतात, म्हणजे ०.२ मिलिमीटर. इंचाला ३२ दाते असलेल्या बारीक ब्लेडच्याही दोन दातांत ०.८ मिलिमीटरचं अंतर असतं. पूर्ण धार दोन दातांच्या फटीत शिरते, पुढचा दात तिला अडकवतो आणि ओढतो. पातळ फायबरला दात नकोच. ते पात्याने कापावं नाहीतर घासून संपवावं.

पात्याने कापायची वेळ एकच असते, रेझिन अर्धवट सेट झालेलं असतानाची. नख दाबलं तर खूण उमटते पण बोटाला काही चिकटत नाही, तेव्हा नव्या ब्लेडने ते आरामात कापलं जातं. ही वेळ घड्याळावर ठरवू नका. डिसेंबरात संध्याकाळी लावलं तर सकाळी येते, मे महिन्यात दोन-तीन तासांत निघून जाते. कपातलं उरलेलं रेझिन पाहूनही ठरवू नका, ते जाड थरामुळे तापून आधीच कडक होतं. पंखाला कापड लावताना त्याच रेझिनने भिजवलेली एक चिंधी पन्नीवर पसरून शेजारी ठेवा आणि नखाने ती तपासत राहा.

वेळ आली की खाली लाकडी पट्टी धरा, वर स्टीलची पट्टी ठेवा, नवं स्नॅप कटरचं पातं जवळजवळ आडवं धरून एका ओढीत कापा. पातं पंखाकडून बाहेर जाऊ द्या, बाहेरून आत आलं तर थर उचलला जातो. रेषेच्या बाहेर १ मिलिमीटर सोडा. २४ तासांनी पूर्ण कडक झाल्यावर तो मिलिमीटर घासून काढायचा : लांब सपाट लाकडी पट्टीवर १८० नंबरचा वॉटर पेपर चिकटवा, पाणी लावून धारेच्या लांबीच्या दिशेने घासा, शेवटी ३२० नंबर. धारेला आडवं घासलं की धागे पुन्हा उभे राहतात.

वेळ हुकलीच, तर रेषेवर दोन्ही बाजूंनी मास्किंग टेप दाबून लावा आणि छोट्या ग्राइंडरला डायमंड डिस्क लावून टेपच्या मधून कापा. डिस्क दाबू नका, तिच्या वजनानेच जाऊ द्या. दाबली की रेझिन तापतं आणि कडेला करपट पट्टा उमटतो, तिथली पकड गेलेली असते. हॅक्सॉ फक्त दीड-दोन मिलिमीटरच्या फायबर शीटसाठी ठेवा, हॉर्न (हलणाऱ्या भागाला तार जोडायचा छोटा दांडा) किंवा पंखाच्या बुडाच्या, म्हणजे मधल्या जोडाकडच्या टोकाच्या, पट्ट्या कापायला, आणि तेव्हाही करवत तिरकी धरा म्हणजे जास्त दाते एकदम लागतात.

धार आधीच फाटली असेल तर सुटलेल्या थरांमध्ये ब्लेडच्या टोकाने इपॉक्सी भरा, पन्नी गुंडाळून दोन पट्ट्यांमध्ये क्लॅम्प करा, सुकल्यावर पुन्हा घासा. त्याने दोनेक ग्रॅम वजन वाढतं, चालतं.

धुळीबद्दल कडक राहा. तोंडाला बांधलेला दुपट्टा काचेची बारीक धूळ थांबवत नाही, एन-९५ मास्क लागतो. बाह्या पूर्ण घ्या, काम झाल्यावर हात थंड पाण्याने धुवा आणि ते कपडे घरच्या कपड्यांत टाकू नका. गोठ्याजवळ किंवा कडब्याच्या गंजीजवळ कापायला बसू नका; चाऱ्यात गेलेले तुकडे जनावराच्या तोंडात जातात. उरलेले तुकडे पऱ्हाटीच्या ढिगात टाकून पेटवायचीही पद्धत दिसते. काच जळत नाही आणि रेझिनचा धूर वाईट. पोत्यात बांधून ठेवा.

प्रश्न : दोन्ही अर्धे पंख वेगवेगळे उत्तम झालेत. पण टोकं वर उचलून जोडायला गेलो की मध्ये खालच्या बाजूने बोटभर नाही पण चांगली फट दिसते. ती पुटीने भरली तर चालेल?
— एक वाचक, तुमसर, जि. भंडारा

उत्तर : पुटीने भरू नका. उड्डाणात सगळ्यात जास्त ताण पंखाच्या मध्यावरच येतो.

फट का पडते ते आधी बघू. बुडं पंखाला काटकोनात कापलेली आहेत. टोकं उचलली की वरच्या कडा एकमेकींना टेकतात आणि खालच्या उघडतात. प्रत्येक बाजूला ५ अंश उचल दिली तर २३ मिलिमीटर जाडीत एका पंखामागे २ मिलिमीटर, दोन्ही मिळून ४ मिलिमीटर फट येते. तेवढा माल वरच्या कडेचा काढला की झालं.

सपाट टेबलाच्या कडेशी पंखाचं बूड आणा, टोकाखाली ५.२ सेंटिमीटर उंचीचा ठोकळा ठेवा. ६० सेंटिमीटरच्या अर्ध्या पंखाला ५ अंश म्हणजे एवढीच उचल. आता बुडाचा वरचा भाग टेबलाच्या बाहेर झुकलेला दिसेल. लाकडी ठोकळ्याला ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा, ठोकळा गुण्याने टेबलाच्या कडेला उभा काटकोनात आहे ना ते पाहा, आणि खालीवर न करता पंखाच्या रुंदीच्या दिशेने घासा. खालची कड नुसती घासली जायला लागली की थांबा. दुसरा पंखही त्याच ठोकळ्यावर. जोडून उजेडासमोर धरा. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसू नये.

आत ३ मिलिमीटर प्लायचा जोड द्या. एकूण लांबी ३० सेंटिमीटर, मध्यावर दोन्हीकडे ५ अंश वर वळलेला, पुढच्या धारेपासून ६ सेंटिमीटरवर, जिथे पंख सर्वांत जाड असतो. उंची अशी ठेवा की तो वरच्या-खालच्या फायबरला आतून टेकेल. नुसता थर्माकोलमध्ये तरंगणारा प्लाय काही धरत नाही, थर्माकोल चेपून मोकळा होतो. खाच हॅक्सॉ ब्लेडने पाडा, घट्ट इपॉक्सीने भरा, प्लाय ढकला. पाच मिनिटांत सुकणारं इपॉक्सी इथे वापरू नका. ते उन्हाने तापल्यावर लवकर मऊ पडतं.

दुसऱ्या दिवशी जोडावरून दोन पट्ट्या चढवा. आधी १० सेंटिमीटर रुंद ८० जीएसएम, त्यावर ५ सेंटिमीटर रुंद २०० जीएसएम, दोन्ही पंखाला पूर्ण वेढा घालून. दोन्हींच्या कडा एकाच रेषेत संपल्या की त्याच रेषेवर पंख मोडतो. पट्ट्यांखाली येणारा पृष्ठभाग आधी १८० नंबरने घासून निस्तेज करायला विसरू नका, गुळगुळीत सुकलेल्या इपॉक्सीवर नवा थर सोलून निघतो. पट्टीचे धागे पंखाच्या लांबीत जावेत. ४५ अंशांत कापलेली पट्टी वळणावर सुंदर बसते, पण जोडावर वाकण्याचा ताण असतो आणि तिथे लांबीतलेच धागे कामाला येतात. तिरकं कापड पंखाच्या पिळाविरुद्ध उपयोगी, ते मूळ थरात वापरा.

बॉडीवर बसवताना बॉडीच्या खोबणीत पंख हलत असेल, तर पंख घासू नका. पंखाच्या पोटाला पॉलिश पेपर उलटा, खरखरीत बाजू बॉडीकडे करून टेपने लावा आणि पंखच मागेपुढे हलवून खोबणी घासून घ्या. शेपटीच्या मध्यापासून दोन्ही टोकांपर्यंत दोरीने मोजा. ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. पुढे ६ मिलिमीटरची लाकडी खुंटी, मागे ५ मिलिमीटरचे दोन नायलॉनचे बोल्ट. लोखंडी बोल्ट घालू नका. पंख धुऱ्यावर आपटला तर नायलॉन तुटतो आणि पंख वाचतो.

प्रश्न : रेझिन घट्ट करायला कॉटन फ्लॉक घाला असं वाचलं. घरी कापूस पोत्याने पडला आहे, तो चालेल का?
— कापूस उत्पादक वाचक, घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : वेचलेला कापूस चालत नाही. त्याच्या धाग्यावर नैसर्गिक मेण असतं, रेझिन आत शिरत नाही. शिवाय धागा २५ ते ३० मिलिमीटर लांब, ढवळला की गोळा होतो आणि गोळ्याच्या मध्यभागी कोरडं राहतं. फ्लॉक म्हणजे दळलेला कापूस, एक मिलिमीटरच्याही आतला. मेडिकलमधला शोषक कापूस मेण काढलेला असतो. तो कैचीने अगदी बारीक कातरून थोडा थोडा घातला तर प्लायच्या खाचेसाठी काम भागतं, पण कातरायला संध्याकाळ जाते. टाल्कम पावडरने मिश्रण गुळगुळीत होतं, घासायला सोपं, ताकद काही नाही. ती फक्त वरच्या खड्ड्यांसाठी.

प्रश्न : तयार पंखातून एलेरॉन कसा वेगळा करावा? कापल्यावर थर्माकोल उघडा पडतो.
— आयटीआयचा विद्यार्थी, अचलपूर, जि. अमरावती

उत्तर : एलेरॉन म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणारी, पंखाच्या मागच्या धारेची हलणारी पट्टी. मागच्या धारेपासून ४.५ सेंटिमीटरवर रेषा आखा, लांबी २८ सेंटिमीटर, पंखाच्या टोकाला ३ सेंटिमीटर सोडून. वरचं फायबर डायमंड डिस्कने, मग खालचं, आणि मधला थर्माकोल लांब पात्याने कापा. कापलेल्या दोन्ही तोंडांवरचा थर्माकोल २ मिलिमीटर आत कोरून काढा, त्या खोबणीत घट्ट इपॉक्सी भरा आणि वरून ८० जीएसएमची पट्टी लावा. उघडा थर्माकोल सोडला तर स्प्रे रंगाचा पहिला हातच त्याला खातो. एलेरॉनच्या पुढच्या तोंडाला वरून खाली ३५ अंशांचा उतार द्या. बिजागर वरच्या कडेला, फट खाली. दोन्ही बाजूंच्या टोकांना १ मिलिमीटर जागा हवी, नाहीतर उन्हात फुगून तो अडकतो.

वरचं फायबर न कापता त्यालाच बिजागर करण्याचा मोह होतो. काचेचं कापड दुमडत राहिलं की धागे मोडतात, म्हणून तसं करू नका. नायलॉनची तीन पिन-बिजागरं बसवा. टेपचं बिजागर हिवाळ्यात झकास चालतं, एप्रिलमध्ये त्याचा गोंद सरकतो. सुरुवातीला वर-खाली १० मिलिमीटर हालचाल पुरे. सर्व्हो (एलेरॉन हलवणारी छोटी मोटर) चालू करून एलेरॉनची मागची धार बोटाने हलवा. १ मिलिमीटरपेक्षा जास्त खेळली तर वेगात फडफडेल, आधी हॉर्नचं छिद्र आणि तारेचा वाक तपासा.

प्रश्न : एक पंख दुसऱ्यापेक्षा १८ ग्रॅम जड झाला. हलक्या पंखात १८ ग्रॅम शिसं भरू का?
— एक वाचक, कारंजा, जि. वाशीम

उत्तर : एवढं लागत नाही. जास्तीचं रेझिन पंखभर पसरलेलं आहे, म्हणजे सरासरी मध्यापासून ३० सेंटिमीटरवर. टोकाजवळ, ५८ सेंटिमीटरवर वजन ठेवलं तर साधारण ९ ग्रॅममध्ये तोल साधतो. पण आधी जड पंखाची चकाकी ३२० नंबरच्या वॉटर पेपरने उतरवा. धागे दिसायला लागेपर्यंतच घासा, धागे कापू नका. त्यात काही ग्रॅम निघतात. मग विमान नाकाला आणि शेपटीला दोरीने टांगून पाहा, आणि जो पंख वर राहतो त्याच्या टोकात तेवढंच शिसं इपॉक्सीने बसवा. टेपने चिकटवलेलं शिसं दुपारच्या उन्हात वावरात गळून पडतं.